पाचवी चिमणी

घरी वाचावयाचे शास्त्रपाठ : लूक १२:६-७, मत्तय १०:२९-३१, अनुवाद २२:६-७, स्तोत्र ८४:३, निर्गम २३:१०-११, यिर्मया ८:७.

प्रभू येशूच्या काळी यहूदी लोकांच्या बाजारात चिमण्या विकावयास येत. गोरगरीब त्या खाण्याकरिता विकत घेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्यांची किंमत एक दमडी सांगितली आहे, आणि लूकाच्या शुभवर्तमानात पाच चिमण्यांची किंमत दोन दमड्या सांगितली आहे. वाचकांनी हा हिशेब करून पाहावा. एका दमडीस दोन, तर दोन दमड्यांस चार. मग पाचवी कोठून आली? ती विकणाऱ्याने वरकड म्हणून घातली. बाजारात भाजीवाली शेवटी चार काड्या कोथिंबीर टोपलीत टाकते, तशीच ती पाचवी चिमणी. तिची किंमत कोणी मागितली नाही व कोणी दिलीही नाही. आणि त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे आपला प्रभू सांगतो.

हे वचन आपण पुष्कळ वेळा ऐकले आहे, व दुःखाच्या प्रसंगी त्यापासून समाधानही मिळविले आहे. जो चिमणीची काळजी वाहतो तो आपल्या लेकरांस कसा विसरेल, असे आपण एकमेकांस म्हणतो. हे म्हणणे योग्यच आहे, कारण प्रभूनेही ते वचन त्याच हेतूने सांगितले. परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ह्या वचनाचा दुसरा भाग खरा ठरावयाचा तर पहिला भाग आधी खरा असला पाहिजे. चिमणी देवाच्या हिशेबात खरोखरच आहे, म्हणूनच आपणांस धीर धरता येतो. आता प्रश्न असा की, ती आपल्या हिशेबात आहे काय? आजच्या पाठात आपणांस ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

एका छपराची गोष्ट

आमच्या खेड्यातील उपासनामंदिराचे छप्पर कौलारू होते. ते फार जुने होऊन पावसाळ्यात गळू लागले, तेव्हा मंडळीने वर्गणी गोळा करून पत्रे घालण्याचे ठरविले. इमारत कमिटीत आम्हीही होतो. पावसापूर्वी काम उरकावे म्हणून चैत्रात कौले उतरविण्यास आरंभ झाला. कौलांच्या खाली व वाशांच्या खोबणीत गवताच्या काड्या, पिसे व सुतळीचे तुकडे पुष्कळ निघाले. ही चिमण्यांची घरटी होती. मजुरांनी ती खाली टाकली, व आम्ही झाडू मागवून अंगण साफ करविले. त्या वेळी आम्हांस त्यात विचार करण्याजोगे काही वाटले नाही.

दुपारी रविवारच्या शाळेतील एक आठ वर्षांची मुलगी एका पत्र्याच्या डबीत कापूस घालून चार पिले घेऊन आली. त्यांच्या अंगावर पिसे नव्हती व डोळेही उघडलेले नव्हते. तिने विचारले, "पाळकसाहेब, ह्यांना काय खायला घालू?" पाळकांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही वडीलमंडळींकडे पाहिले, व वडीलमंडळींनी एकमेकांकडे पाहिले. तेथे साठ वर्षांचे मनुष्य होते, चाळीस वर्षे शेती केलेले होते, लहानपणापासून त्याच छपराखाली उपासना करीत आलेले होते. परंतु चिमणी आपल्या पिलांस काय भरविते, हे एकासही सांगता येईना. शेवटी एका बाईने तांदळाच्या कण्या भिजवून दिल्या. सायंकाळपर्यंत चारही पिले मेली.

पुढे आम्ही ह्याविषयी वाचले व जाणत्या लोकांस विचारले, तेव्हा कळले की चिमणी स्वतः दाणे खाते, तरी लहान पिलांस ती बहुतेक अळ्या व मऊ किडेच भरविते. भिजविलेल्या कण्यांवर ती पिले जगणे कठीणच होते. आणखी असेही कळले की, चिमणीने अंडी घातल्यापासून पिले उडून जाईपर्यंत सुमारे एक महिना लागतो. म्हणजे आम्ही कौले उतरविण्यापूर्वी आठ दिवस वर पाहिले असते, व काम एक महिना आधी किंवा एक महिना नंतर धरले असते, तर काहीच बिघडले नसते. वर्गणीचा एक रुपयाही जास्त लागला नसता. आमच्या मनात वाईट नव्हते. आम्ही पाहिले नव्हते एवढेच; आणि त्या पिलांच्या दृष्टीने त्या दोहोंत काही अंतर नव्हते.

नियमशास्त्रातील एक लहान आज्ञा

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे, तिजवर उपदेश क्वचितच ऐकू येतो. वाटेने जाताना झाडावर किंवा भुईवर पक्ष्याचे घरटे आढळले, व आई अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलांसह आईला धरू नये. तिला सोडून द्यावे, असे त्या आज्ञेत सांगितले आहे. तिच्याबरोबर कल्याणाचे व दीर्घायुष्याचे अभिवचन आहे. आईबापांचा मान राखावा ह्या आज्ञेबरोबरही असेच अभिवचन अनुवादाच्या पाचव्या अध्यायात दिले आहे. एवढ्या मोठ्या आज्ञेस जोडलेले अभिवचन देवाने पाखराच्या घरट्याविषयीच्या आज्ञेसही जोडावे, ही साधी गोष्ट नव्हे.

ह्या आज्ञेत आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती अशी की, मनुष्य वाटेने डोळे उघडे ठेवून चालतो. घरटे कोठे आहे, ते रिकामे आहे की भरलेले, आई बसली आहे की नाही, हे त्यास दिसते. ज्याने पाहिलेच नाही, त्यास ही आज्ञा पाळताही येणार नाही. म्हणून पक्षी पाहणे हे केवळ रिकामपणाचे काम नव्हे. ते दयेची पहिली पायरी आहे.

ज्यांनी पाहिले त्यांच्याविषयी

आमच्या महाराष्ट्रातील मिशनकार्यात असे पाहणारे होऊन गेले आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक हे आज ज्यास अहिल्यानगर जिल्हा म्हणतात त्या भागात, वडाळा येथे, पुष्कळ वर्षे सुवार्तेचे काम करीत होते. खेडोपाडी फिरताना ते पक्ष्यांचेही निरीक्षण करीत. खंडाळा, महाबळेश्वर व बेळगाव ह्या भागांत मिळालेल्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली प्रसिद्ध झाली. दक्षिणेतील पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव गोविले आहे, व ते आजपर्यंत चालत आहे. सुवार्ता सांगण्याच्या कामात पाखरांकडे पाहण्याने अडथळा येतो असे त्यांस वाटले नाही.

दुसरे उदाहरण डॉ. सालिम अली ह्यांचे. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईस झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतात तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोणती? हे विचारण्यास ते १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील चिटणीस मिलार्ड साहेबांनी त्या मुलास हाकलून न लावता पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखविले, व त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्या एका प्रश्नातून भारतातील सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ निर्माण झाला. १९८५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले व त्यास 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' म्हणजे 'एका चिमणीचे पडणे' असे नाव दिले. हे शब्द शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकातले असून, त्या नाटकात ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील ह्याच वचनाच्या आधाराने आले आहेत. १९८७ साली सालिम अली निवर्तले. मुलाच्या प्रश्नास उत्तर देण्याइतके ज्ञान त्या दिवशी मिलार्ड साहेबांजवळ होते. आमच्या अंगणात त्या मुलीच्या प्रश्नाच्या वेळी ते आमच्याजवळ नव्हते.

ह्याच सालिम अलींनी १९३० च्या सुमारास कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आपल्याकडे विहिरीवर वाकलेल्या बाभळीस सुगरणीचे खोपे लोंबतात, ते कोणी पाहिले नाहीत? नावावरून आपणांस वाटते की, हे काम मादीचे असावे. सालिम अलींनी दिवसचे दिवस बसून पाहिले, तो असे दिसून आले की खोपा नरच विणतो. तो अर्धा झाला म्हणजे माद्या येऊन पाहणी करितात. एखादीस पसंत पडला तर नर तो पुरा करितो, व मग दुसरा खोपा विणावयास घेतो. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या विहिरीवरून पाणी नेत होते. परंतु बसून पाहिले ते एकाने.

कसे पाहावे

पक्षी पाहण्यास दुर्बीण किंवा पुस्तक असलेच पाहिजे असे नाही. ती असल्यास उत्तमच. नसल्यास वही व पेन्सिल पुरे. सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी, विहिरीजवळ, बांधावर किंवा घराच्या ओट्यावर पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. बोलू नये, हात उडवू नयेत. जो पक्षी दिसेल त्याविषयी पाच गोष्टी स्वतःस विचाराव्या : तो चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी आहे? शेपूट कशी आहे? तो काय करीत आहे? त्याचा आवाज कसा आहे? रंग शेवटी लिहावा, कारण उन्हात रंग फसवितो.

आरंभ ओळखीच्या पक्ष्यांपासून करावा, म्हणजे ओळखीचे म्हणून समजत होतो त्यांतच किती अनोळखी आहेत हे कळेल. कावळ्यांत करड्या मानेचा गावकावळा निराळा व सर्वांगी काळा डोमकावळा निराळा. तारेवर बसलेला, दुभंगलेल्या लांब शेपटीचा काळा पक्षी कोतवाल. तो घारीवर व कावळ्यावर धावून जातो, म्हणून दुर्बळ पक्षी त्याच्याच झाडावर आपले घरटे बांधून निर्धास्त राहतात. हिरवा, चिमणीहून किंचित मोठा, तारेवरून झेप घेऊन माशी पकडून पुन्हा तेथेच येऊन बसणारा तो वेडा राघू. उन्हाळ्यात ठोका मारल्यासारखा एकसारखा टुक्‌-टुक्‌ आवाज येतो तो तांबट पक्ष्याचा. तो वाळलेल्या फांदीस भोक पाडून त्यात घर करितो. मृगाच्या आधी शेतकऱ्यांस जो 'पेर्ते व्हा' म्हणून हाक मारितो तो पावशा. त्याचा आवाज सर्वांनी ऐकला आहे, पण त्यास पाहिले थोड्यांनीच आहे.

यिर्मया संदेष्ट्याने म्हटले आहे की, आकाशातील पाखरांस आपला येण्याचा काळ कळतो, पण देवाच्या लोकांस त्याचा न्याय कळत नाही. ह्या वचनाचा अर्थ पाहावयाचा असेल तर पाऊस संपल्यावर ओढ्याकाठी शेपटी खालीवर हालविणारा पांढरा धोबी पक्षी प्रथम कोणत्या तारखेस दिसला हे वहीत लिहून ठेवावे. तो हिमालयाकडून व त्याच्याही पलीकडून येतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहावे. त्यास पंचांग कोणी शिकविले नाही, तरी तो चुकत नाही. भोरड्यांचे थवे मध्य आशियाकडून व पूर्व युरोपाकडून येतात. पावसाच्या तोंडी येणारा चातक आफ्रिकेहून समुद्र ओलांडून येतो. आपल्या ओढ्याचा, आपल्या बांधाचा, दूरदेशच्या पाखरांनी भरवसा धरला आहे.

ह्या वहीचा उपयोग आपल्यापुरताच नाही. भारतातील तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या अशाच नोंदींवरून २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल तयार झाला. ज्या ३३८ जातींविषयी दीर्घ काळची पुरेशी माहिती मिळाली, त्यांपैकी २०४ जाती कमी झाल्या आहेत असे त्यात आढळले. मोर व कोकिळ वाढले आहेत. परंतु आपल्या शेतात तारेवर बसणारा निळ्या पंखांचा नीळकंठ घटला आहे. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पक्ष्यांची गणना होते, व किमान पंधरा मिनिटे पाहून केलेली नोंद तीत चालते. मंडळीतील ज्या तरुणांजवळ मोबाईल आहे त्यांनी आपल्या खेड्याची यादी तीत अवश्य घालावी.

अपशकुनाविषयी

पिंगळा छपरावर ओरडला की घरात मरण येते, टिटवी रात्री ओरडली की वाईट होते, घुबड दिसले की काम बिघडते, अशा समजुती अजून आपल्या मंडळीतील घरांतूनही आहेत. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने जीवन व मरण देवाच्या हाती आहे असे कबूल केले आहे. मग ते त्याने पिंगळ्याच्या चोचीत का ठेवावे? ह्या भीतीमुळे पुष्कळ घुबडे दगडांनी मारिली जातात. वास्तविक पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड शेतकऱ्याचा मोठा मित्र आहे. त्याचे मुख्य अन्न उंदीर व घुशीची पिले हेच होय, व पिले वाढविताना ते रात्रभर उंदरांची शिकार करीत असते. धान्याच्या कणगीस जो राखणदार फुकट मिळाला आहे, त्यास अपशकुनी म्हणून हाकलणे हे शहाणपणाचे नव्हे. टिटवी रात्री ओरडते ती बहुधा तिच्या अंड्यांजवळ कुत्रा, कोल्हा किंवा मनुष्य आला म्हणून. ती आपल्यास मरण आणीत नाही; आपल्या पिलांचे मरण टाळीत असते.

शेतकऱ्याची अडचण

येथे एखादा वाचक म्हणेल, "हे सर्व ठीक, पण ज्वारी हुरड्यास आली म्हणजे हीच पाखरे कणसे फोडतात, त्याचे काय?" ही अडचण खरी आहे, व ती झाकून आम्ही दयेचा उपदेश करू इच्छीत नाही. शेताची राखण करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. मचाणावर बसून हाकारावे, डबा वाजवावा, बुजगावणे उभारावे. ह्यात दोष नाही. परंतु विषारी दाणे टाकणे, फासे लावणे व जाळी टाकून तित्तिर व लावे धरणे ह्यांत दोष आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. पोपटाचे पिलू ढोलीतून काढून पिंजऱ्यात पाळणे हेही त्याच कायद्याने मना आहे, हे पुष्कळांस ठाऊक नाही.

हिशेब करावयाचा तर तो दोन्ही बाजूंनी करावा. जी साळुंकी दाणे टिपते तीच नांगरामागे चालून अळ्या खाते. गायबगळे, कोतवाल, हुदहुद्या व नीळकंठ वर्षभर टोळ, नाकतोडे व किडे वेचीत असतात. भोरडी ज्वारीवर बसते, आणि टोळांवरही बसते. ज्या शेतात फवारणी इतकी झाली की एक अळी उरली नाही, तेथे चिमणीच्या पिलांस अन्न उरत नाही, हे त्या डबीतील चार पिलांनी आम्हांस शिकविले. म्हणून फवारणी लागेल तेवढीच करावी, व औषध लावलेले बियाणे उघड्यावर सांडू देऊ नये. ते खाऊन मोर व पारवे मरतात. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिजवर जे उगवेल ते गरिबांनी खावे, व त्यांनी टाकलेले रानपशूंनी खावे, अशी आज्ञा निर्गमात आहे. देवाने आपल्या लोकांच्या शेतात रानातल्या प्राण्यांचा वाटा अगोदरच काढून ठेवला होता. बांधावरची एक बोर, एक बाभूळ, कोपऱ्यातील गवताचा एक पट्टा तोडू नये, एवढा वाटा आपणही ठेवू शकतो.

गिधाडांचा धडा

न पाहिल्याचा परिणाम किती मोठा होतो ह्याचे एक उदाहरण आपल्या हयातीतलेच आहे. पूर्वी जनावर मेले म्हणजे गावाबाहेर गिधाडांचा थवा उतरे, व थोड्याच वेळात हाडे तेवढी उरत. १९९० नंतर ती दिसेनाशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत शेकडा ९९ हून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झाले. गुरांच्या दुखण्यावर व सुजेवर डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचीत. ते टोचलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले की त्यांच्या मूत्रपिंडांचा नाश होऊन ती मरत. गिधाडांचा द्वेष कोणीच केला नव्हता. प्रत्येकाने आपल्या गाईवर दयाच केली होती. सरकारने २००६ साली गुरांकरिता ह्या औषधावर बंदी घातली, व २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ह्या औषधांवरही घातली. गुरांस मेलॉक्सिकॅम हे औषध देता येते व त्याने गिधाडांस अपाय होत नाही. म्हणून गाय-बैल आजारी पडल्यास मनुष्यांच्या औषधांच्या दुकानातून सुई आणून टोचू नये. पशुवैद्यास बोलवावे व गिधाडांस निर्धोक असे औषध मागावे. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते, म्हणून गेलेली गिधाडे लवकर परत येणार नाहीत. तरी सह्याद्रीच्या काही कड्यांवर व कोकणात ती अद्याप आहेत, आणि ती राखणे बऱ्याच अंशी गुरे पाळणाऱ्यांच्या हाती आहे.

वर्षभर करावयाची कामे

संक्रांतीस : मुलांस नायलॉनचा मांजा घेऊ देऊ नये. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली आहे. झाडांत अडकलेला दोरा काढून जाळावा. तो महिनोन्‌महिने पंख कापीत राहतो.

उन्हाळ्यात : मातीच्या पसरट परळात पाणी ठेवावे. पाणी दोन बोटांहून खोल नसावे, व मध्ये एक दगड ठेवावा म्हणजे लहान पक्षी बुडत नाहीत. परळ रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर त्यातूनच रोग पसरतात. मांजर दबा धरील अशा झुडुपाजवळ ते ठेवू नये.

दाणे घालावयाचे तर बाजरी, राळा किंवा कण्या थोड्या घालाव्या. फरसाण, खारे व शिळे पदार्थ घालू नयेत.

घराचे छप्पर बदलण्यापूर्वी : आठ दिवस वर पाहावे. घरटी असल्यास पिले उडेपर्यंत थांबावे. नव्या स्लॅबच्या घरात चिमणीस खोबण मिळत नाही. तेव्हा सुमारे सहा इंच लांब-रुंद व नऊ इंच उंच अशी लाकडी पेटी करून, तिला सव्वा इंचाचे गोल भोक पाडून, दहा फुटांवर सावलीत टांगावी. भोक ह्याहून मोठे केल्यास साळुंकी आत शिरते.

नांगरणीस : टिटवीची अंडी उघड्या भुईवर, खड्यांसारखी दिसतात. ती दिसल्यास नांगर हातभर बाजूने न्यावा.

पावसाळ्यात : वड, पिंपळ, उंबर, पांगारा ह्यांपैकी एक रोप लावावे. वाळलेले झाड कोणाच्या अंगावर पडण्याचे भय नसल्यास उभे राहू द्यावे. तांबट, सुतार व पिंगळे त्यातच घर करितात. सुगरणीचे खोपे शोभेकरिता तोडू नयेत. जुन्या खोप्यांत कधी कधी मुनिया राहतात.

पिलू खाली पडल्यास : पिसे नसलेले पिलू उचलून घरट्यात ठेवावे. मनुष्याचा हात लागला म्हणून आई त्यास टाकते हा समज खोटा आहे. पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिलू असल्यास ते उडावयास शिकत आहे असे समजावे. त्यास मांजरापासून दूर झुडुपावर ठेवून आपण निघून जावे. आई जवळपासच असते.

मुलांस गलोल मना करावी. पण मना करून थांबू नये, तिच्या जागी वही द्यावी.

शेवट

आमच्या उपासनामंदिरावर आता पत्रे आहेत. पडवीच्या वाशांस मंडळीतील सुताराने सहा पेट्या टांगल्या. पहिल्या वर्षी त्यांकडे एकही चिमणी फिरकली नाही, व काहींनी आमची थट्टा केली. दुसऱ्या वर्षी दोन पेट्यांत काड्या गेल्या. परमेश्वराच्या वेदीजवळ चिमणीला घर मिळाले असे स्तोत्रकर्ता चौऱ्याऐंशिव्या स्तोत्रात म्हणतो. आम्ही ते तिच्यापासून काढून घेतले होते, त्यातले थोडेसे परत दिले, एवढेच. त्या चार पिलांची भरपाई झाली असे आम्ही म्हणत नाही. ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिच्या वहीत आमच्या गावच्या एकसष्ट पक्ष्यांची नावे आहेत, आणि लहान वर्गाच्या मुलांनी काही विचारले तर त्यांस उत्तर मिळते.

प्रिय वाचकहो, बाजारातील पाचव्या चिमणीस कोणी मोजले नाही. ती देवाने मोजली. उद्या सकाळी ओट्यावर पंधरा मिनिटे बसा, आणि त्याने मोजलेल्यांपैकी काही तुम्हीही मोजा.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. मत्तय व लूक ह्यांनी दिलेल्या किमतींत फरक काय? पाचवी चिमणी आपणांस काय शिकविते?

२. घरट्याविषयीच्या आज्ञेस कोणते अभिवचन जोडले आहे? तसेच अभिवचन दुसऱ्या कोणत्या आज्ञेस आहे?

३. जाणूनबुजून केलेले वाईट व न पाहिल्यामुळे झालेले वाईट ह्यांविषयी छपराच्या व गिधाडांच्या गोष्टींवरून काय कळते?

४. आपल्या घरात कोणत्या पक्ष्यास अपशकुनी मानतात? त्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने काय समजावे?

५. पुढील रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या अंगणात स्वतः पाहिलेल्या पाच पक्ष्यांची नावे, व त्यांपैकी एक काय करीत होता हे लिहून आणावे.